एका आलेखातील दोन रेषा

विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली आयात व निर्यात यांच्या रेषा एकाच आलेखात काढल्या. दोहोंचे परिमाण पौंड हेच असल्याने रेषांमधील अंतर व्यापारातील तूट वा शिल्लक दर्शवी. आज स्प्रेडशीटमध्ये परभणी जिल्ह्यातील पेडगावचा पाऊस मिलिमीटरमध्ये आणि कापूस क्विंटलमध्ये, डावी-उजवी मोजपट्टी निराळी ठेवून, एकत्र मांडता येतो. परंतु अशा रेषांच्या छेदबिंदूस स्वतःचा अर्थ नसतो. मोजपट्टी बदलताच तो सरकतो. त्यावरून दुष्काळाचा निवाडा करणे म्हणजे शेतकऱ्यावर अन्याय होय. भिन्न परिमाणांच्या मालिका, वर्षांचा अक्ष समान राखून, स्वतंत्र आलेखांत एकाखाली एक मांडाव्यात, हेच आम्हांस शास्त्रशुद्ध वाटते.