डोक्यातली पाच माणसे

भीती आपल्याला विंचवापासून दूर ठेवते. किळस नासलेल्या अन्नापासून वाचवते. अन्याय दिसला की राग उभा राहतो. पण दुःखाचे काम कोणते? दुःखी माणूस तर हातपाय गाळून बसतो. मग ही भावना माणसात टिकली कशासाठी? हा अवघड प्रश्न मुलांसाठी काढलेल्या एका अॅनिमेशनपटाने हाती घेतला आहे. पीट डॉक्टर दिग्दर्शित ‘इनसाइड आउट’ २०१५ साली प्रदर्शित झाला आणि २०२४ मध्ये त्याचा दुसरा भाग आला. शिक्षकांनी हा चित्रपट पाहावा, पण डोळसपणे पाहावा, असे आम्हांस वाटते.

कथा साधी आहे. अकरा वर्षांची रायली आईवडिलांबरोबर मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्कोला येते. तिच्या डोक्यात एक नियंत्रणकक्ष आहे. तेथे आनंद, दुःख, राग, भीती आणि किळस ही पाच पात्रे राहतात. नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी आनंद जमिनीवर एक वर्तुळ आखतो आणि दुःखाला बजावतो की, आज याच्या बाहेर यायचे नाही. व्हायचे ते होतेच. जुन्या गावाविषयी बोलता बोलता रायलीला भर वर्गात रडू येते.

पुढे आनंदाला एक जुनी आठवण नीट पाहायला मिळते. तीत रायली सवंगड्यांमध्ये हसते आहे. आठवण थोडी मागे नेली, तर हॉकीचा सामना गमावून ती खिन्न बसलेली दिसते. तिचे दुःख पाहूनच आईवडील आणि संघातल्या मुली जवळ आलेल्या असतात. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. दुःख ही आपल्या माणसांना घातलेली हाक आहे. एवढी गोष्ट मुलांना कळेल अशी मांडणे हे या चित्रपटाचे मोठे यश होय.

मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर या चित्रपटाचे सल्लागार होते. एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये जाऊन चेहऱ्यावरील भावांचा अभ्यास केला आणि सहा मूळ भावना मांडल्या. चित्रपटातल्या पाच आणि सहावे आश्चर्य. मराठी वाचकाला येथे भरताचे नाट्यशास्त्र आठवेल. त्यातील आठ स्थायीभावांपैकी शोक, क्रोध, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे एकमन यांच्या यादीशी जुळतात, तर हास आनंदाच्या जवळचा आहे. दुसऱ्या भागातील चिंता, असूया आणि लाज तेहेतीस व्यभिचारी भावांत चिंता, असूया आणि व्रीडा या नावांनी भेटतात. मात्र असे साम्य म्हणजे पुरावा नव्हे. नाट्यशास्त्र रंगभूमीसाठी लिहिले गेले. शिवाय मूळ भावना ठरावीक आणि सर्वत्र सारख्याच असतात, हे लिसा फेल्डमन बॅरेट यांच्यासारख्या संशोधकांना मान्य नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.

आता दोष पाहू. पाच माणसे रायलीला चालवतात, तर त्या माणसांना कोण चालवते? एका प्रसंगी आनंद स्वतःच रडतो. मग त्याच्याही डोक्यात एक दुःख बसले आहे काय? डोक्यात माणूस कल्पून मनाचे कोडे सुटत नाही, फक्त एक पायरी मागे जाते. मेंदूत असा कक्ष नाही. एका भावनेत मेंदूचे अनेक भाग आणि सगळे शरीर गुंतलेले असते. आठवणीही काचेच्या गोळ्यांप्रमाणे फळीवर मांडलेल्या नसतात. आठवताना आपण त्या नव्याने रचतो, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवले. दुःखाचा हात लागताच जुनी सुखद आठवण निळी होते, हा प्रसंग मात्र या विज्ञानाला धरून आहे.

खानदेशातल्या शिक्षकाने या चित्रपटातून काय घ्यावे? धरणगाव हे बालकवींचे जन्मगाव (१८९०). मुले त्यांना ओळखतात ती आनंदाचे आणि निसर्गाचे कवी म्हणून. कारण न कळणाऱ्या उदासीनतेवरही त्यांनी लिहिले, हे मुलांपर्यंत क्वचितच पोचते. शाळेतही आपण तसेच वर्तुळ आखतो. खेड्यातून शहरातल्या शाळेत आलेला, किंवा आईबाप ऊसतोडीला गेल्याने आजीजवळ राहिलेला मुलगा वर्गात गप्प असतो. त्याला आपण म्हणतो, “मुलगा असून रडतोस?” हाक घातली जाते आणि ती ऐकणाराच तिला गप्प करतो.

चित्रपटात पुढे नियंत्रणकक्षातील फळा काळा पडतो आणि रायलीला काहीच वाटेनासे होते. रडण्यापेक्षा ही अवस्था अधिक काळजीची आहे. मूल कित्येक आठवडे असे निर्विकार राहिले, तर पालकांशी बोलून समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत घ्यावी.

वर्गात चित्रपट दाखवल्यावर दोन प्रश्न विचारता येतील. दुःखाला वर्तुळात कोंडल्यामुळे काय झाले? आणि या कथेत प्रत्यक्ष मेंदूशी न जुळणारे काय आहे? पहिला प्रश्न माणूस समजून घेण्याचा आहे, दुसरा विज्ञान समजून घेण्याचा. मात्र स्वतःचे दुःख सांगण्याची सक्ती कोणावरही करू नये. ज्याला सांगायचे असेल, त्याच्यासाठी तास संपल्यावर थोडे थांबावे.