‘ट्रिपल हेलिक्स’ बेटावर नेलं तर? उत्तनच्या निमित्ताने

विद्यापीठ आणि उद्योगांची भागीदारी हा विषय संशोधनासाठी घेतलात, की पहिल्याच आठवड्यात हेन्री एट्झकोवित्झ आणि लोएट लायडेसडॉर्फ यांचं ‘ट्रिपल हेलिक्स’ तुमच्यासमोर येतं. 1990 च्या दशकाच्या मध्यावर मांडलेली ही कल्पना थोडक्यात अशी: विद्यापीठ, उद्योग आणि सरकार हे तीन पदर एकमेकांत गुंफले जातात, एकमेकांची कामंही थोडीफार करू लागतात आणि त्यातून नवनिर्मिती होऊन प्रदेशाचा विकास होतो. वाचायला छान, आकृती काढायला त्याहून छान! म्हणूनच प्रबंधात उतरवण्याआधी ती एखाद्या खऱ्या बेटावर तपासून बघा.

बेट शोधायला लांब जायला नको. मिरा-भाईंदर साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला वसलंय. त्याच्या पश्चिमेचा उत्तन-गोराई-मनोरीचा पट्टा ‘धारावी बेट’ म्हणून ओळखला जातो (झोपडपट्टीची धारावी वेगळी). 1739 मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला धारावीचा किल्ला इथलाच. उत्तनचा जुना आणि आजही चालू असलेला धंदा म्हणजे मासेमारी. आणि त्याच साष्टी बेटावर, वर्सोव्याला, 1961 मध्ये सुरू झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, जिला 1989 पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. म्हणजे विद्यापीठ आहे, धंदा आहे, सरकार तर आहेच. त्रिकोण पूर्ण!

इथेच थांबा आणि विचारा: या त्रिकोणात ‘उद्योग’ म्हणजे नक्की कोण?

मॉडेलच्या डोळ्यासमोर आहे ती कंपनी. तिच्याकडे प्रयोगशाळा असते, पेटंट असतं, करारावर सही करणारा अधिकारी असतो. उत्तनमध्ये धंदा घरात वाटलेला आहे. पुरुष बोटीवर जातात. मासळी निवडणं, सुकवणं, विकणं हे बहुतेक बायकांचं काम. डिझेलसाठी मच्छीमार सहकारी संस्था. ही संस्था व्यवहार करते म्हणून उद्योग, आणि सरकारदरबारी कोळ्यांची बाजू मांडते म्हणून समाज. मग तिला कुठल्या कोपऱ्यात बसवणार?

तुम्ही म्हणाल, त्यासाठी ‘क्वाड्रुपल हेलिक्स’ आहे ना. खरंय. 2009 मध्ये कॅरायानिस आणि कॅम्पबेल यांनी चौथा पदर जोडला. पण त्यांच्या मांडणीत तो माध्यमं आणि संस्कृती यांतून घडलेल्या जनतेचा आहे. स्वतःचं भांडवल धोक्यात घालणाऱ्या उत्पादकाला त्यातही धड जागा नाही.

दुसरा आक्षेप मोजमापावर. भागीदारी यशस्वी झाली की नाही, हे करार, पेटंट आणि संयुक्त शोधनिबंध मोजून ठरवायची सवय आपल्याला लागलीय. बोंबलाचं उदाहरण घ्या. या मासळीत पाण्याचं प्रमाण खूप, त्यामुळे ती लवकर खराब होते. म्हणून बांबूच्या मांडवावर उन्हात वाळवायची. अवेळी पाऊस आला की माल गेला. यावर सौर वाळवणी यंत्र हा चांगला उपाय आहे. संशोधक त्यात ओलावा किती उतरला आणि तास किती लागले हे मोजेल. वाळवणारी बाई वेगळंच विचारेल. एका दिवसात भरपूर मासळी आली तर यात मावेल का? स्वच्छ मालाला व्यापारी जास्त भाव देईल का? आणि यंत्र बिघडलं तर त्या दिवसाचं नुकसान कोणाचं? विद्यापीठाला फसलेल्या प्रयोगावरही निबंध लिहिता येतो, कंपनी तो खर्च हिशेबात दाखवते. तिचा मात्र माल जातो. ही जोखीम मॉडेलच्या आकृतीत कुठेच दिसत नाही.

तिसरा मुद्दा: पैसा राहतो कुठे? बेटांच्या अर्थशास्त्रात 1985 चं बर्ट्राम आणि वॉटर्स यांचं ‘मिराब’ मॉडेल जरूर वाचा (नाव मिरा-भाईंदरसारखं वाटणं हा निव्वळ योगायोग). पॅसिफिकमधली छोटी बेटं स्थलांतर, घरी पाठवलेला पैसा, बाहेरची मदत आणि सरकारी नोकऱ्या यांवर चालतात, असं ते सांगतं. उत्तनला ते जसंच्या तसं लागू होणार नाही. पूल आणि रस्त्यांनी जोडलेलं बेट वेगळं. पण पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हा त्याचा प्रश्न उचलण्यासारखा आहे. गोराईत 1989 मध्ये एस्सेलवर्ल्ड उभं राहिलं, तेव्हा धंदा बेटावर आला. पण बेटावरचा धंदा आणि बेटाचा धंदा या दोन गोष्टी आहेत.

मग ट्रिपल हेलिक्स टाकून द्यायचं? नाही. कोण कोणाशी बोलतंय हे बघायला ते उपयोगी आहे. फक्त सारांशिका लिहिताना मच्छीमार संस्थेला ‘हितसंबंधी घटक’ अशा रकान्यात ढकलू नका. आधी तीन गोष्टी नोंदवा: संशोधनाचा प्रश्न कोणी ठरवला, प्रयोग फसला तर पैसे कोणाचे जाणार, आणि मासळी सुकवणाऱ्या बाईचं नाव संस्थेच्या सभासद यादीत आहे का. या तीन उत्तरांनी तुमची आकृती बिघडली, तर बिघडू द्या. तुमचं संशोधन तिथूनच सुरू होईल.