मागचा वार कोठे हरवतो?

शनिवारनंतर रविवार येतो, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. संगणकाला मात्र ते सांगावे लागते, आणि तेथेच संगणकभाषांच्या रचनेतील एक उणीव उघडी पडते.

निकलाउस विर्त यांच्या पास्कल (१९७०) भाषेत वारांची नावे क्रमाने लिहून नवा प्रकार बनवता येतो. 'पुढचा' व 'मागचा' शोधण्याची सोयही तयार आहे. पण यादीतील शेवटच्या वाराचा 'पुढचा' विचारला, तर ती चूक ठरते. या भाषेने वारांची रांग केली, चक्र केले नाही.

सी भाषेत रविवारला ०, सोमवारला १, असे शनिवारला ६ पर्यंत अंक देतात. एक मिळवून ७ ने भागायचे व बाकी घ्यायची. ६ + १ = ७, बाकी ०, म्हणजे रविवार. पाठ येथेच संपवला, तर तो अर्धाच राहतो. खरी कसोटी मागे जाताना लागते.

औंधचेच उदाहरण घेऊ. औंध संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले. तो सोमवार होता. संस्थानात प्रजेला स्वराज्य देणारी घटना २१ जानेवारी १९३९ ची, म्हणजे ३३३४ दिवस आधीची. तिचा वार कोणता? १ – ३३३४ = –३३३३. याला ७ ने भागल्यावर पायथॉन बाकी ६ देते, म्हणजे शनिवार. उत्तर बरोबर. सी मात्र –१ देते, आणि त्या अंकाचा वारच नाही!

कारण सरळ आहे. सी भागाकार शून्याच्या बाजूला तोडते (–४७६), पायथॉन खालच्या पूर्णांकावर नेते (–४७७). दोन्हींचा हिशेब आतून जुळतो; परंतु बाकी ऋण नसते, ही शाळेतली व्याख्या येथे पायथॉनच पाळते. सीमध्ये आलेल्या बाकीत ७ मिळवून पुन्हा ७ ने भागावे लागते. एकच दिवस मागे जायचे असेल, तर १ वजा करण्याऐवजी ६ मिळवावेत.

सी प्लस प्लसच्या २०२० च्या मानकात वारासाठी स्वतंत्र प्रकार आला. त्यात शनिवारपुढे रविवार आपोआप येतो. उशिरा का होईना, चक्राला चक्र मानले गेले.

वर्गात फळ्यावर सात वार रांगेत नव्हे, वर्तुळावर लिहावेत. सहा घरे पुढे गेले काय नि एक घर मागे आले काय, मुक्काम एकच, हे मुले स्वतः बोट फिरवून पडताळतील.