मक्काबी ग्रंथांतील रोमचा तहनामा : वऱ्हाडच्या कागदांच्या उजेडांत एक परीक्षण

हनुक्का नांवाचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण ज्यू लोक किस्लेव महिन्याच्या २५ व्या तिथीपासून, म्हणजे बहुधा डिसेंबरांत, पाळतात. इ. स. पूर्व १६४ मध्यें यहूदा मक्काबी यानें यरुशलेमचें मंदिर सिरियाच्या ग्रीक राजाच्या हातून सोडवून पुन्हां शुद्ध केलें, त्याची ही आठवण होय. या सणाच्या उगमाविषयीं मुख्य आधार 'मक्काबींचा पहिला ग्रंथ' हा. त्याचें परीक्षण इतिहास-संशोधनाच्या मराठी त्रैमासिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेंच कीं, या ग्रंथाच्या आठव्या अध्यायांत एक तहनामा नकलून दिला आहे. आणि तहनाम्याची नक्कल कोणत्याहि भाषेंतील असो, ती चाळणींतून गाळून घेणें हें आमचें कामच आहे. शिवाय आम्ही हें यवतमाळ जिल्ह्यांत बसून लिहीत आहों. बलाढ्य मित्राच्या तहनाम्यांनीं ज्या भूमीचा धनी अर्ध्या शतकांत दोनदां बदलला, तेथील माणसास हा अध्याय परका वाटत नाहीं.

प्रथम पाठाचा विचार करूं. ग्रंथ मुळांत हिब्रू भाषेंत होता. आपण ती प्रत पाहिल्याचें जेरोम सांगतो. ती आज नाहीं. ग्रीक भाषांतर तेवढें उरलें आहे. म्हणजे रोमच्या दप्तरांतील करार, त्याचें हिब्रू व त्या हिब्रूचें ग्रीक, अशा तीन पायऱ्या उतरून मजकूर आपल्या हातीं येतो. तह कांशाच्या पत्र्यांवर कोरून यरुशलेमास पाठविला, असें ग्रंथकर्ता म्हणतो. योसेफस मात्र कोरलेला लेख रोमच्या कॅपिटॉलांत राहिला व यहूदियांत नक्कल आली, असें लिहितो. रोमची रीत पाहतां योसेफसचेंच म्हणणें ग्राह्य दिसतें. ताम्रपटांचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे, त्यांस मूळ पट कोणाच्या घरीं राहिला हा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाहीं.

लेखकाच्या किंवा नकलनविसाच्या चुका मनोरंजक आहेत. रोमनांनीं अंतियोख राजापासून मुलूख काढून युमेनीस राजास दिला, त्यांत हिंदुस्थान व मेदिया यांचीं नांवें येतात! रोमनांनीं हिंदुस्थान कोणास देण्याचा प्रसंग कधींच आला नाहीं. येथें 'आयोनिया' व 'मिसिया' असें असावें, हा विद्वानांचा तर्क आम्हांस मान्य आहे. अपरिचित नांवाच्या जागीं परिचित नांव बसविणें हा नकलनविसांचा जुना रोग. परंतु सर्वच दोष नकलनविसाच्या माथीं मारतां येत नाहींत. अंतियोख जिवंत सांपडला, रोमच्या सभेंत ३२० सभासद रोज बसतात, दरसाल एकाच पुरुषाच्या हातीं सत्ता देतात, हीं विधानें खुद्द ग्रंथकर्त्याचीं असून तीं चूक आहेत. रोमचे कॉन्सल दोन असत. ही सर्व ऐकीव माहिती आहे, व ती एका भारावलेल्या मनानें ऐकिलेली आहे.

एवढ्यावरून कांहीं टीकाकारांनीं तहनामाच बनावट ठरविला, तें मात्र आम्हांस पटत नाहीं. कथेचा भाग निराळा व दस्तऐवजाचा निराळा. तहांतील एका कलमान्वयें रोमच्या शत्रूस यहूदी लोकांनीं धान्य, हत्यारें, पैसा वा जहाजें द्यावयाचीं नाहींत. इ. स. पूर्व १६१ मध्यें यहूदाजवळ एकहि बंदर नव्हतें. याफा पुढें सायमनच्या वेळीं हातीं आला. डोंगरांत बसून खोटा कागद रचणाऱ्यास जहाजें कशीं सुचावीं? हा रोमच्या कारकुनाचा ठरीव मसुदा आहे. समुद्रकांठच्या ग्रीक शहरांशीं केलेल्या करारांतील कलम जसेंच्या तसें उतरलें आहे. विजोडपणा हाच येथें खरेपणाचा पुरावा. तथापि तहास तारीख नाहीं, रोमच्या कॉन्सलचें नांव नाहीं. दूतांचीं नांवें तेवढीं आहेत : योहानाचा पुत्र युपोलेमस व एलाजाराचा पुत्र यासोन. असा कागद आमच्याकडे आला असता तर आम्ही 'नक्कल, अपुरी' असाच शेरा मारला असता.

आतां मुख्य मुद्दा. दोन्ही पक्षांनीं परस्परांस साह्य करावें, परंतु 'जसा प्रसंग असेल त्याप्रमाणें', अशी तहाची भाषा आहे. प्रसंग आला कीं नाहीं हें ठरविणार कोण, तें लिहिलेलें नाहीं; लिहिण्याची गरजहि नव्हती. सिरियाच्या देमेत्रियसास रोमनांनीं जरबेचें पत्र लिहिलें, असें अध्यायाच्या शेवटीं सांगितलें आहे. त्यापुढच्याच अध्यायांत इ. स. पूर्व १६० मध्यें यहूदा एलासाच्या रणांत पडतो, आणि रोमचा एकहि शिपाई आलेला नाहीं. ग्रंथकर्ता याबद्दल अवाक्षर काढीत नाहीं. उलट योनाथानानें तह नवा केला, सायमनानें हजार मिना वजनाची सोन्याची ढाल रोमास धाडली, हें तो अभिमानानें नोंदतो. ग्रंथाच्या काळाविषयीं आमचा निर्णय या सुरावरून होतो. इ. स. पूर्व ६३ मध्यें हिर्कानस व अरिस्तोबुलस या भांडणाऱ्या भावांनीं पाँपेस मध्यस्थ केलें, आणि तो मध्यस्थ मंदिराच्या गर्भागारांत शिरला. त्यानंतर कोणी यहूदी असें कौतुक लिहिता ना. बखरींचा काळ ठरवितांना आपणहि हीच युक्ति वापरतों.

वऱ्हाडचा दाखला आतां पाहावा. अचलपुराकडील देवगांवीं १७ डिसेंबर १८०३ रोजीं दुसऱ्या रघूजी भोंसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र व जनरल वेलस्ली यांचा तह झाला, आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे आमचा हा जिल्हाहि, नागपूरकरांच्या हातून गेला. तो कंपनीच्या मित्राच्या, निजामाच्या, पदरांत पडला. त्याच्या आदल्या वर्षीं वसईस बाजीरावानें जो तह केला, त्यांत एकाचे मित्र व शत्रु ते दोघांचेहि, असें गोड कलम होतें. तोच बाजीराव १८१८ च्या एप्रिलांत पांढरकवड्याच्या टापूंत धांवत असतां शिवणीजवळ कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेनें त्याला गांठलें.

निजामाची गोष्ट अधिक बोधक आहे, कारण त्यानें मित्राशीं वैर केलेंच नाहीं. १८०० च्या तहानें लढाईच्या वेळीं ६,००० पायदळ व ९,००० स्वार देण्याचें त्यानें कबूल केलें होतें. या 'लढाईच्या वेळीं' शब्दांतून शांततेच्या काळांतहि पोसावयाची कंटिंजंट फौज निघाली; तिच्या खर्चाचें कर्ज सांचलें; आणि त्या कर्जापोटीं १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं झाला. १९०२ मध्यें सालीना २५ लाखांवर त्याचा कायमचा पट्टा लिहून घेतला. १९१८ मध्यें निजामास 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र' असा किताब मिळाला. त्या मित्रानें वऱ्हाड परत मागितला तेव्हां लॉर्ड रीडिंग यांनीं २७ मार्च १९२६ च्या पत्रांत कळविलें कीं, कोणत्याहि संस्थानिकास ब्रिटिश सरकाराशीं बरोबरीच्या नात्यानें बोलणें करतां येत नाहीं. आठव्या अध्यायावर याहून नेमकी टीका आम्हांस आढळली नाहीं. पुढें १९४८ च्या सप्टेंबरांत हिंदी फौजा हैदराबादेंत शिरल्या, तेव्हांहि लंडनहून कोणी आलें नाहीं.

जातां जातां एका मराठी प्रश्नाचा उल्लेख केला पाहिजे. कोंकणांतील बेने इस्राएल, ज्यांस आपले लोक शनिवार तेली म्हणत, यांच्या जुन्या सणांस मराठी नांवें आहेत : नव्याचा सण, होळीचा सण इत्यादि. हनुक्क्यास तसें नांव नाहीं. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनीं १८९७ त लिहिलेल्या व १९३७ त तेल अवीव येथें छापलेल्या इतिहासांत यावरून असें अनुमान केलें कीं, त्यांचे पूर्वज मंदिराच्या शुद्धीपूर्वींच निघून अलिबागेजवळ नौगांवास लागले असावेत. ग्रंथ मोलाचा आहे, अनुमान मात्र लंगडें आहे. घर सोडून दूर गेलेल्या लहान समाजाच्या हातून एखादा सण सुटणें अशक्य नाहीं. सण नाहीं म्हणून घटनाच ठाऊक नव्हती, हें मौनावरून काढलेलें प्रमाण आहे. मौनाचाच दाखला घ्यावयाचा तर खुद्द मक्काबी ग्रंथांत आठ दिवस पुरलेल्या तेलाची कथा नाहीं. ती पुढें तालमुदांत येते. आणि हनुक्क्याच्या प्रार्थनेंत मत्तथियाचें नांव आहे, ग्रीकांच्या जुलमाचा उल्लेख आहे. रोमच्या तहाचा नाहीं.

वणी, दारव्हा, पुसद या बाजूच्या देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांत १८०३ ते १८५३ या काळांतील अंमल बदलल्याचीं ताकीदपत्रें असण्याचा संभव आहे. यवतमाळास कै. य. खु. देशपांडे यांनीं शारदाश्रमाच्या द्वारें पोथ्या जमविण्याचा जो मार्ग घालून दिला, त्याच मार्गानें या कागदांचाहि शोध व्हावा. तहनामे छापलेले मिळतात. परंतु गांवच्या पाटलास नवा धनी कोणत्या शब्दांत कळविला गेला, तें छापलेल्या पुस्तकांत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील, त्यांनीं नकला न पाठवितां शक्यतों मूळच दाखवावे.