मालकी नसलेला संग्रह

न्यू यॉर्कच्या ‘मोमा’नं २०१०मध्ये ई-मेलच्या पत्त्यातलं ‘अ‍ॅट’चं चिन्ह संग्रहात घेतलं, हे कॉलेजात असताना वाचून मी हसलो होतो. जे कुणाच्याच मालकीचं नाही, ते संग्रहात येणार कसं?

पण १९२९ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाला अशी खोड जुनीच. १९३४च्या ‘मशीन आर्ट’ प्रदर्शनात त्यांनी बॉल बेअरिंग आणि स्प्रिंगा मांडल्या होत्या. रे टॉमलिन्सननं १९७१मध्ये कामाला लावलेलं ‘अ‍ॅट’ त्याच पंगतीतलं.

माझी अडचण पुढे आहे. २०१२मध्ये मोमानं १४ व्हिडिओ गेम घेतले. प्रदर्शनात ‘टेट्रिस’ खेळता आला. हजारो माणसं एकाच वेळी खेळतात त्या ‘ईव्ह ऑनलाइन’ची मात्र फिल्म दाखवली. स्प्रिंग काचेआडही स्प्रिंगच राहते. न चालणारा प्रोग्रॅम म्हणजे नुसता फोटो.

पहिल्या नोकरीत मी दोन वर्षं लिहिलेली सिस्टिम एका शुक्रवारी बंद केली गेली. माझ्याकडे उरले चार स्क्रीनशॉट. म्हणून मोमा गेमसोबत त्याचा सोर्स कोडही मिळवू पाहतं, हे मला भिंतीवरच्या मांडणीपेक्षा मोठं काम वाटतं. जपणं म्हणजे चालू ठेवणं. आता मी हसत नाही.