टोक खाली केलेली तलवार

कांजूरमार्गहून ठाणं गाठायचं, तिथून पुण्याची गाडी धरायची, की दुपारच्या आत खडकीची वॉर सिमेट्री. मी जातो तो तिथल्या क्रुसासाठी. रेजिनाल्ड ब्लॉमफील्ड या वास्तुकारानं पहिल्या महायुद्धानंतरच्या दफनभूमींसाठी आखलेला हा घाट. इंग्लंडमधल्या खेड्यांतही त्याची भावंडं उभी आहेत. खाली अष्टकोनी बैठक, वर निमुळता दगडी दांडा आणि त्याच्या दर्शनी अंगावर ब्राँझची लांब तलवार, टोक खाली. माझी नजर त्या टोकाशीच थांबते. दिवसभर राबून आलेल्या माणसानं अवजार भिंतीला टेकवावं, तशी ती टेकवलेली आहे. ऊन कललं की तिची सावली दगडावर बारीक सरकत राहते. एवढ्यावरच कारागीर थांबला, ही त्याची थोरवी.

सिमेट्रीतल्या स्मारकावर पहिल्या महायुद्धातली अठराशेहून अधिक नावं आहेत. त्यांतले ६२९ जण आपल्या शिवडीच्या कबरस्तानातले. जून १९६२मध्ये त्यांचे अवशेष इथे आणून पुन्हा पुरले. जागा बदलली, पण नावं सुटू दिली नाहीत.

हे वाचताना आजोळची पाटी आठवते. सातारा जिल्ह्यातलं गाव, चावडीच्या भिंतीत हातभर संगमरवर. १९१४ ते १९१९च्या लढाईत गावातून इतके गेले, इतके कामी आले, असा इंग्रजी मजकूर. अशा पाट्या सरकारनं तेव्हा अनेक गावांत बसवल्या. आकडे दोन, नाव एकाचंही नाही. मराठा पलटणी १९१६मध्ये इराकमधल्या कुतच्या वेढ्यात उपाशीपोटी झुंजल्या. पण बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी शिपायांची नुसती संख्याच कोरली गेली.

गेल्या खेपेला पाटीवर ऑइलपेंट चढलेला दिसला. चावडी रंगवताना तीही रंगली होती. बोटानं चाचपलं तेव्हा आकडे हाताला लागले.

केंद्राच्या १९५८च्या कायद्यात प्राचीन वास्तूला शंभर वर्षांची अट आहे. या पाट्यांची शंभरी भरली. मुंबईला १९९५पासून वारसा नियमावली आहे. गावच्या चावडीपर्यंत वारशाची यादी पोचेल तेव्हा पोचो, रंग आत्ता उतरवायला हवा. तोही पॉलिश पेपरनं घासून नव्हे, त्यानं अक्षरं उथळ होतात. जाणकाराला विचारून, मऊ ब्रशनं, सावकाश.

“आरं, पर नावं कुठनं आणायची?” थोरले मामा म्हणाले. मग तेच घरोघर फिरले. वहीत चार नावं उतरली आहेत. पाचव्याच्या घराची फक्त जागा कळली: पिंपळामागची पडकी भिंत.