‘शिसे आढळले नाही’ : जलपरीक्षणातील एका निष्कर्षाची चिकित्सा

जालना शहर पोलाद व बियाणे उद्योगाचे केंद्र होय. जिल्ह्यातील अनेक गावे पिण्यासाठी विहिरी व कूपनलिकांवर अवलंबून आहेत. अशा ठिकाणी पाण्यातील जड धातूंचे परीक्षण महत्त्वाचे ठरते. तथापि शोधनिबंधांत पुष्कळदा ‘शिसे आढळले नाही’ एवढाच निष्कर्ष नोंदविला जातो. तो अपुरा आहे.

भारतीय मानक १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा प्रतिलिटर ०.०१ मिलिग्रॅम असून तीत शिथिलता नाही. ज्वाला-अणुशोषण पद्धतीची शोधमर्यादा सामान्यतः याच पातळीच्या आसपास किंवा तिच्याहून अधिक असते. विश्वसनीय मापनाची मर्यादा तर त्याच्या सुमारे तिप्पट. परिणामी मानकापेक्षा अधिक शिसे असलेला नमुनाही निर्दोष ठरण्याचा संभव राहतो. ग्राफाइट भट्टी किंवा आय.सी.पी.-एम.एस. वापरल्यास ही उणीव दूर होते. ती सोय नसल्यास नमुना आम्लयुक्त करून आटवावा व संहत नमुन्याचे मापन करावे.

यास्तव शोधमर्यादा, कोऱ्या नमुन्याचे मापन आणि ज्ञात प्रमाणात शिसे मिसळून घेतलेली प्राप्ती-चाचणी यांची नोंद संशोधकांनी अनिवार्य मानावी व परीक्षकांनी ती मागावी. अन्यथा उपकरणाची मर्यादा हीच पाण्याची शुद्धता म्हणून गावकऱ्यांपर्यंत पोहोचेल.